आतडं मधेच तुटतं कसं?

ठिबकची नळी मधेच दुमडली, की पुढची रोपं माना टाकतात. बियाण्यात खोट नसते. काही बाळं तुटक किंवा मधेच बंद असलेलं आतडं घेऊन जन्मतात, त्यांचंही असंच असेल का? जुना समज असा, की गर्भात आतड्याची नळी काही काळ पेशींनी भरते आणि पुन्हा पोकळ व्हायची राहून जाते. पण मग अडथळ्याच्या पलीकडे पित्त आणि गर्भाने गिळलेली लव कशी सापडते? वाट आधी मोकळी होती, नंतर बुजली, हाच त्याचा अर्थ. मग बुजली कशाने, रक्तपुरवठा तुटल्याने? १९५५ मध्ये केपटाउनच्या जे. एच. लो आणि क्रिस्तियान बर्नार्ड यांनी (होय, १९६७ मध्ये हृदयारोपण करणारे तेच) कुत्रीच्या गर्भातल्या पिल्लांच्या आतड्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या बांधल्या. पिल्लं जन्मली ती तसंच तुटलेलं आतडं घेऊन. गर्भाच्या आतड्यात जंतू जवळजवळ नसतात, म्हणून रक्ताविना मेलेला तुकडा सडत नाही, शोषला जातो. मागे फट उरते किंवा दोरीसारखा धागा.

प्रयोगात गाठ माणसाने मारली. एरवी कोण मारतं? कधी आतड्याला पडलेला पीळ, कधी आतड्यात शिरलेलं आतडं. जुना समज मात्र पुरता मोडीत निघालेला नाही. जठरालगतच्या, लहान आतड्याच्या पहिल्या भागातल्या अडथळ्याचं कारण म्हणून आजही तोच सांगितला जातो.