घरातली गोळी आणि घरातले गुपित

समजा, एका घरात साठी उलटलेले अप्पा आहेत. दोन वर्षांपूर्वी मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. पुढे रोग यकृतात पसरला. शिरेतून देण्याच्या औषधांचे एकामागून एक क्रम झाले आणि आता त्यांचाही गुण येईनासा झाला. डॉक्टर म्हणतात, "आता एक गोळी देऊन पाहू. घरीच घ्यायची आहे." थोरला मुलगा बाटली घेऊन येतो आणि जेवणाच्या वेळी हसून सांगतो, "अप्पा, ही शक्तीची गोळी आहे बरं का! घ्या, तरतरी येईल."

हे खोटे बोलणे मायेपोटीच असते. "त्यांना कळलं तर ते हाय खातील," असे म्हणून आपल्याकडच्या कितीतरी घरांतून ते बोलले जाते. रुग्णालयात औषध चालू असेतो हे गुपित कसेबसे निभावते, कारण तेथे परिचारिकेची नजर असते. परंतु औषध घरी आले की ती नजर खुद्द रोग्यालाच ठेवावी लागते. आणि ज्याला आपण काय घेतो आहोत हेच ठाऊक नाही, तो नजर ठेवणार तरी कशावर?

रसद तोडण्याची युक्ती

पूर्वी किल्ला सर होईना तेव्हा वेढा घालणारे त्याची रसद तोडीत. या गोळीचे काम काहीसे तसेच आहे. 1971 साली अमेरिकेतील बोस्टन येथील शल्यवैद्य ज्युडा फोकमन यांनी एक कल्पना मांडली. कर्करोगाची गाठ दोन-तीन मिलिमीटरपेक्षा मोठी व्हायची, तर तिला रक्ताचा पुरवठा हवा, आणि त्यासाठी ती आसपासच्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फोडायला लावते. हे फाटेच फुटू दिले नाहीत तर? त्या काळी अनेकांना ही कल्पना पटली नाही. पण 2004 साली याच तत्त्वावरचे बेव्हॅसिझुमॅब हे शिरेतून देण्याचे औषध अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मान्य झाले.

त्यानंतर सप्टेंबर 2012 मध्ये तेथेच रेगोराफेनिब या गोळीला मान्यता मिळाली. नव्या रक्तवाहिन्या फुटण्यासाठी व गाठ वाढण्यासाठी पेशींना जे इशारे मिळतात, त्यांतले अनेक इशारे ही गोळी अडवते. नेमक्या ठिकाणी घाव घालणारी म्हणून हिला 'लक्ष्यवेधी' औषध म्हणतात. पण लक्ष्यवेधी म्हणजे निरुपद्रवी नव्हे. तेच इशारे शरीराच्या निरोगी भागांतही चालू असतात.

आकडे काय सांगतात?

या गोळीची मोठी कसोटी 16 देशांतील 760 रोग्यांवर झाली. इतर सर्व उपाय थकलेले असेच हे रोगी होते. 505 जणांना खरी गोळी व 255 जणांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी देण्यात आली. कोणाला कोणती, हे त्यांना ठाऊक नव्हते. खरी गोळी घेणाऱ्यांचे मध्यम आयुष्य 6.4 महिने भरले, दुसऱ्या गटाचे 5 महिने. 'मध्यम' याचा अर्थ असा, की निम्मी माणसे त्याहून अधिक जगली व निम्मी त्याहून कमी.

म्हणजे फरक सहा आठवड्यांचा. गाठ लक्षात येण्याइतकी आक्रसली असे रोगी शंभरात एक. रोग काही काळ तरी थोपला असे मात्र शंभरात 41, तर दुसऱ्या गटात केवळ 15. तेव्हा ही गोळी रोग मुळापासून काढणारी नाही. काही जणांत ती त्याला काही काळ रोखून धरते, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येईल. नोव्हेंबर 2023 मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या फ्रुक्विन्टिनिब या दुसऱ्या गोळीच्या 691 रोग्यांवरील कसोटीत हेच आकडे 7.4 व 4.8 महिने असे आले. वाट तीच, पाऊल थोडे पुढे.

तळहात बोलू लागतात

या लाभाची किंमत शरीर चुकवते. रेगोराफेनिबच्या त्या कसोटीत शंभरातल्या सुमारे 17 जणांचे तळहात-तळपाय इतके लाल झाले, दुखू लागले वा सोलवटले, की रोजची कामे अडली. दहा जणांना अतोनात थकवा आला. काहींचा रक्तदाब चढला, काहींना जुलाब लागले. क्वचित यकृतालाही गंभीर इजा होते.

हे सारे बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच दिसू लागते. वेळीच कळले तर डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा काही दिवस गोळी थांबवतात, आणि त्रास आटोक्यात येतो. आता आपल्या अप्पांकडे पाहा. 'शक्तीच्या गोळी'ने पाय जळजळतात असे त्यांच्या मनात कसे यावे? ते चपलेला दोष देतात, उन्हाळ्याला दोष देतात, आणि चालणे अशक्य झाल्यावरच बोलतात.

नेहमीची पूर्ण मात्रा 160 मिलिग्रॅमची, म्हणजे 40 मिलिग्रॅमच्या चार गोळ्या. त्या 21 दिवस घ्यायच्या व 7 दिवस विश्रांती. परंतु 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन कसोटीत 80 मिलिग्रॅमपासून आरंभ करून, सोसेल तसतशी दर आठवड्यास मात्रा वाढवली. या रीतीने शंभरात 43 रोगी उपचाराच्या तिसऱ्या फेरीपर्यंत पोचले, तर पूर्ण मात्रेने सुरुवात केलेल्यांत 26. "लहान मात्रेपासून सुरुवात करता येईल का?" हा प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावा. पण "सोसते आहे का?" याचे उत्तर मुलगा देऊ शकत नाही, ते अप्पांनीच द्यायचे असते.

घरच्या माणसांसाठी

रेगोराफेनिब रोज ठराविक वेळी, हलक्या व कमी तेलातुपाच्या जेवणानंतर घ्यावी. दिवाळीत चकली-करंजीला अगदीच बंदी नको, पण गोळीच्या वेळी फराळ नको. ग्रेपफ्रूट हे पपनसाच्या जातीचे फळ वर्ज्य. गोळ्या दुसऱ्या डबीत काढून ठेवू नयेत. त्या मूळ बाटलीतच, तिच्यातल्या ओलावा शोषणाऱ्या पुडीसह राहू द्याव्यात. बाटली उघडल्यावर सात आठवड्यांनी उरलेल्या गोळ्या वापरू नयेत.

पायांचे घट्टे आधीच दाखवून घ्यावेत, मऊ चपला वापराव्यात, कढत पाणी टाळावे. रोगी गृहिणी असेल तर भाकरी थापणे, कपडे पिळणे ही कामे दुसऱ्याने करावीत. पहिले सहा आठवडे दर आठवड्यास रक्तदाब पाहावा, पहिले दोन महिने पंधरा-पंधरा दिवसांनी यकृतासाठी रक्त तपासावे. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, रक्तस्राव झाला किंवा छातीत दुखले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता तत्काळ डॉक्टरांना गाठावे.

निर्णय कोणाचा?

आणखी एक गोष्ट राहते, आणि तीच सर्वांत मोठी. सहा आठवड्यांच्या आशेसाठी हातापायांची आग सोसायची की नाही, हा हिशेब प्रत्येकाचा वेगळा असतो. एखाद्याला नातीच्या लग्नापर्यंत पोचायचे असते, तो म्हणेल, "द्या गोळी." दुसरा म्हणेल, "उरलेले दिवस मला अंगणात चालू द्या." वेदना व त्रास शमवणारे उपचार घेत घरच्यांत राहणे म्हणजे हार पत्करणे नव्हे. दोन्ही उत्तरे शहाणपणाचीच आहेत, मात्र ती ज्याची त्याने दिलेली असली पाहिजेत.

खरे सांगायचे म्हणजे सगळे आकडे एकदम पुढ्यात टाकावेत असे नव्हे. आधी विचारावे, "अप्पा, तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?" आणि तेवढेच, पण खरे सांगावे. त्यांना कदाचित बरेचसे आधीच उमगलेले असेल. घरातली माणसे त्यांच्यापासून लपवीत होती, आणि ते घरातल्यांपासून. गोळीने आयुष्य किती वाढेल ते कोणी आधी सांगू शकत नाही. पण ते दिवस अप्पांनी एकट्याने काढायचे की सर्वांबरोबर, हे तर घराच्याच हाती आहे.