मकावचा नळ कोणाच्या हातात?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलेली वाक्यं थोडी सरळ केली आहेत, बाकी जसं बोललो तसंच.)

मागच्या भागानंतर सावंतवाडीकडच्या एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. त्याचं म्हणणं असं, की दादा, आमच्यापासून तासाभरावर गोवा. तिथे मांडवीत कॅसिनोची जहाजं उभी आहेत, मुंबई-पुण्याची पोरं वीकेंडला तिथे जातात, पैसा तिकडेच टाकतात. मग सिंधुदुर्गात कॅसिनो का नको? टुरिझम वाढेल, आम्हाला नोकरीसाठी घर सोडावं लागणार नाही.

प्रश्न चांगला आहे, आणि 'जुगार वाईट' म्हणून तो उडवून लावण्यात अर्थ नाही. कारण कॅसिनोमुळे टुरिझम खरंच वाढतो. किती वाढतो हे बघायचं तर जगात एक नंबरचं उदाहरण आहे मकाव. आज त्याचीच गोष्ट.

मकाव चीनच्या दक्षिण टोकाला, हाँगकाँगच्या समोर, खाडीपलीकडे. क्षेत्रफळ साधारण ३३ चौरस किलोमीटर. पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत अशी पाच मकाव बसतील. लोकवस्ती सात लाखांच्या आत. आणि २०१९ साली या एवढ्याशा जागेत पाहुणे किती आले? ३ कोटी ९४ लाख. म्हणजे घरच्या एका माणसामागे पन्नासहून जास्त पाहुणे.

आता हे झालं कसं? पोर्तुगीज तिथे १५५७ च्या सुमारास स्थिरावले. पुढे कितीतरी काळ मकावचा कारभार गोव्यातून चालायचा, १८४४ पर्यंत. (म्हणजे मांडवी आणि मकाव हे नातं आपण समजतो त्याहून जुनं आहे.) त्याच सुमारास शेजारी इंग्रजांनी हाँगकाँग घेतलं. तिथे खोल बंदर, मोठी जहाजं थेट आत. मकावचा व्यापार बघता बघता आटला. सरकारची तिजोरी रिकामी, म्हणून १८४० च्या दशकाच्या अखेरीस जुगार कायदेशीर करून टाकला आणि त्यावर कर बसवला. हे लक्षात ठेवा. जुगार तिथे हौस म्हणून आला नाही, दुसरा धंदा बुडाला म्हणून आला.

मधली शंभर-सव्वाशे वर्षं पटकन उरकतो. १९६२ मध्ये स्टॅन्ले हो आणि त्यांच्या भागीदारांच्या कंपनीला जुगाराचा मक्ता मिळाला. एकच कंपनी, चाळीस वर्षं. त्यांनी हाँगकाँगहून वेगवान बोटी सुरू केल्या, १९७० मध्ये 'लिस्बोआ' हे कॅसिनो-हॉटेल उघडलं. गिऱ्हाईक मुख्यतः हाँगकाँगचं. नव्वदच्या दशकात टोळीयुद्ध इतकं पेटलं की पर्यटक यायला घाबरत होते. २० डिसेंबर १९९९ ला पोर्तुगालने मकाव चीनच्या ताब्यात दिलं.

आणि इथून पुढची गोष्ट वेगात पळते.

नव्या सरकारने २००२ मध्ये मक्ता मोडला. आधी तीन परवाने दिले, त्यातून पुढे सहा कंपन्या झाल्या. त्यात लास वेगासच्या कंपन्याही आल्या. मे २००४ मध्ये 'सँड्स मकाव' उघडलं. खर्च सुमारे २६ कोटी डॉलर, आणि तो वसूल व्हायला लागलं साधारण एक वर्ष. एक वर्ष! आपल्याकडे साध्या हॉटेलचं कर्ज फेडायला किती वर्षं जातात ते हॉटेलवाल्याला विचारा. २००६ मध्ये मकावने जुगाराच्या कमाईत लास वेगासच्या स्ट्रिपला, म्हणजे तिथल्या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्याला, मागे टाकलं. ताइपा आणि कोलोआन या दोन बेटांमधला समुद्र बुजवून 'कोताइ' नावाची नवी जमीन तयार केली आणि २००७ मध्ये तिथे 'व्हेनिशियन' उभं राहिलं. आत कालवे, त्यात नावा, वर रंगवलेलं आभाळ. २०१३ मध्ये कमाई ३६,००० कोटी पटाकांवर गेली (पटाका म्हणजे तिथलं चलन). डॉलरमध्ये साधारण ४,५०० कोटी. त्या वर्षी वेगास स्ट्रिपची जुगाराची कमाई होती ६५० कोटी डॉलरच्या आसपास. सातपट, बघा.

बहुतेक लोक ही गोष्ट इथेच थांबवतात. मक्ता मोडला, स्पर्धा आली, भव्य रिसॉर्ट बांधले, पर्यटक आले. मला हे अर्धं उत्तर वाटतं. रिसॉर्ट कुठेही बांधता येतं. कालवे कुठेही खोदता येतात.

दुसरं अर्ध उत्तर एका शिक्क्यात आहे. मुख्य भूमीवरच्या चीनमध्ये कॅसिनो बेकायदा आहे. अख्ख्या चीनमध्ये तो कायदेशीर असलेली जागा एकच, मकाव. पण चिनी माणसाला मकावला जायलाही परवाना लागतो. आपल्याच देशात जायला, हो. आधी बहुतेक लोकांना टूर ग्रुपबरोबर किंवा कामानिमित्तच जाता यायचं. २००३ मध्ये सार्सच्या साथीने हाँगकाँग-मकावचा धंदा झोपला, तेव्हा बीजिंगने जुलैमध्ये एक सवलत दिली. ग्वांगदाँग प्रांतातल्या काही शहरांतल्या लोकांनी एकेकट्याने अर्ज करायचा आणि जायचं. मग हळूहळू शहरांची यादी वाढत गेली. सँड्स उघडलं ते या सवलतीनंतर दहा महिन्यांनी. आता कळलं ना, वर्षात पैसे कसे वसूल झाले?

२०१९ ला आलेल्या पाहुण्यांमध्ये दहातले सात मुख्य भूमीवरचे होते. आणि एकूण पाहुण्यांतले निम्म्याहून जास्त त्याच दिवशी परत गेले. सकाळी आले, रात्री घरी. म्हणजे मकावचा टुरिझम म्हणजे जगभरातून येणारी गर्दी, असं नाहीये. तो शेजारच्या घराचा एक नळ आहे. नळ मकावमध्ये नाही, बीजिंगमध्ये आहे.

बरं, माणूस आला, पण पैसा कसा आला? ही मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट आहे, म्हणून जरा थांबू. चिनी माणसाला देशाबाहेर जाताना २०,००० युआनपेक्षा जास्त रोकड नेता येत नाही. परकीय चलन वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंतच. मग एका रात्रीत कोट्यवधी लावणारे लोक पैसे आणायचे कुठून? मध्ये आले 'जंकेट'वाले. जंकेट म्हणजे दलाल. तो श्रीमंत गिऱ्हाईक शोधणार, त्याची सोय करणार, कॅसिनोतल्या खास खोलीत बसवणार आणि उधारीवर चिप्स देणार. हरलास तर परत गावी गेल्यावर युआनमध्ये फेड. आता चिनी कायद्यात जुगाराची उधारी कोर्टात वसूल करता येत नाही. मग वसुली कशी व्हायची? ओळखीने, अब्रूच्या भीतीने, आणि कधी कधी त्याहून वाईट मार्गाने. २०१३ मध्ये कमाईचा सुमारे दोन तृतीयांश भाग या खास खोल्यांतून येत होता. छोट्यांसाठी वेगळी युक्ती. कॅसिनोजवळच्या दुकानात कार्डवर महागडं घड्याळ घ्यायचं आणि तिथल्या तिथे थोड्या कमी रोख रकमेला परत विकायचं. घड्याळ कपाटातून हललं नाही तरी चालेल!

म्हणजे झगमगाट वर, आणि खाली पाया असा.

मग तो पाया हलला. चीनमध्ये भ्रष्टाचारविरोधी मोहीम सुरू झाली, अधिकारी आणि त्यांचे व्यापारी मित्र मकावमध्ये दिसायला घाबरू लागले. २०१५ मध्ये कमाई एका वर्षात तिसऱ्या हिश्श्याने घसरली. मकावमध्ये कोणी काही चुकीचं केलं नव्हतं. ना हॉटेलं जुनी झाली, ना सेवा बिघडली. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये सगळ्यात मोठ्या जंकेट कंपनीचा प्रमुख अ‍ॅल्विन चाऊ पकडला गेला, जानेवारी २०२३ मध्ये त्याला १८ वर्षांची शिक्षा झाली. खास खोल्यांचा जुना धंदा जवळजवळ संपलाच.

आणि मध्ये कोविड. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅसिनो १५ दिवस बंद. ते उघडले, पण सीमा बंद. २०१९ ची कमाई होती २९,००० कोटी पटाकांच्या वर, २०२२ ची ४,२०० कोटी. सातवा हिस्सा. पाहुणे ३ कोटी ९४ लाखांवरून ५७ लाखांवर.

इथे मला आपल्या सावंतवाडीच्या मित्राशी बोलायचंय, कारण त्याचा मुद्दा नोकरीचा होता.

मकावमध्ये टेबलावर पत्ते वाटणारे, म्हणजे डीलर, फक्त स्थानिकच असू शकतात. बाहेरच्याला ती नोकरी मिळत नाही. ऐकायला मस्त ना? भूमिपुत्रांना प्राधान्य. पण तेजीच्या काळात झालं काय, तर डीलरचा पगार इतका चांगला की पोरं शिक्षण सोडून टेबलावर उभी राहू लागली. अठरा वर्षांचं पोरगं शिकून नोकरीला लागलेल्यापेक्षा जास्त कमावतंय, तर कॉलेजला का जाईल? २०१२ मध्ये शेवटी कॅसिनोत जायचं आणि काम करायचं किमान वय १८ वरून २१ केलं. डिसेंबर २०१९ पासून तर कॅसिनोच्या कर्मचाऱ्यांना कामाची वेळ सोडून जुगाराच्या मजल्यावर पाय ठेवायला बंदी आहे. सरकारी नोकरांना आधीपासूनच बंदी, फक्त चिनी नववर्षाचे तीन दिवस सूट. (आपल्याकडे दिवाळीत पत्ते चालतात, तसंच म्हणा.) जे शहर जुगारावर जगतं, त्यालाही आपली माणसं टेबलापासून लांब ठेवावीशी वाटतात. गोव्यानेही २०२० मध्ये गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी घातलीच की.

मग बाकीची कामं कोण करतं? खोल्या साफ करणं, स्वयंपाकघर, बांधकाम, पहारा? २०१९ च्या शेवटी मकावमध्ये बाहेरून आलेले सुमारे १ लाख ९६ हजार कामगार होते. मुख्य भूमीवरचे, फिलिपिन्सचे, व्हिएतनामचे. त्यांचा राहायचा परवाना नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की देश सोडा. २०२२ च्या शेवटी ते उरले १ लाख ५५ हजारांच्या आसपास. म्हणजे चाळीस हजारांवर माणसं कमी झाली. मंदीचा मार आधी कोणावर पडला हे यावरून कळतं.

स्थानिकांना मात्र सरकारने सांभाळलं, हे मान्य करायला हवं. जुगाराच्या कमाईवर थेट कर ३५ टक्के, इतर वर्गण्या धरून ४० च्या जवळ. चांगल्या वर्षांत सरकारच्या उत्पन्नाचा ८० टक्क्यांच्या आसपास भाग यातूनच यायचा. त्यातून मोठी गंगाजळी साठवलेली होती. २००८ पासून दरवर्षी कायम रहिवाशांना रोख रक्कम वाटतात, सध्या १०,००० पटाका. कोविडमध्ये हीच गंगाजळी कामी आली. पण ही गंगाजळी जमली कशामुळे? ३३ चौरस किलोमीटर, सात लाखांच्या आत माणसं आणि १४० कोटींचा शेजारी. हा हिशोब दुसरीकडे कुठे जुळतो ते सांगा.

आता सरकारने धडा घेतलाय. जानेवारी २०२३ पासून सहा कंपन्यांना पुन्हा दहा वर्षांचे परवाने दिले, पण अट घालून. त्यांनी मिळून ११,८८० कोटी पटाका गुंतवायचे, आणि त्यातले १०,८७० कोटी जुगार सोडून इतर गोष्टींवर. मैफली, प्रदर्शनं, खाणं, खेळ. युनेस्कोने २००५ मध्ये जागतिक वारसा ठरवलेलं जुनं मकाव आहेच, त्यात सेंट पॉल चर्चची आगीतून उरलेली एकटी भिंत, पोर्तुगीज फरशांचे चौक. पणजीच्या फोंताइन्यासमध्ये फिरलेल्याला तिथे ओळखीचं वाटेल. वेगास स्ट्रिपवर मोठ्या कॅसिनो-हॉटेलांचा निम्म्याहून जास्त महसूल खोल्या, जेवण, शो यांतून येतो. मकावला तिकडे जायचंय. २०२४ मध्ये पाहुणे जवळपास साडेतीन कोटींवर आले. कमाई मात्र २२,७०० कोटींच्या आसपास, २०१९ पेक्षा बरीच कमी. माणसं परत आली, जंकेटचा पैसा आला नाही.

तर मित्रा, सिंधुदुर्ग. पहिली गोष्ट, कायदा. महाराष्ट्राने १९७६ मध्येच कॅसिनोचा कायदा केला होता, माहितीय? तो कधी अमलातच आला नाही, आणि २०२३ मध्ये रद्द केला. दुसरी गोष्ट, गिऱ्हाईक. मकाव चाललं कारण चीनमध्ये दुसरीकडे कुठे परवानगी नाही. तुझ्या बाजूला गोवा आधीच बसलाय. बांद्यात कॅसिनो काढलास तर मुंबईची गाडी तासभर अलीकडे थांबेल, एवढंच. आणि उद्या कर्नाटकाने काढला, तर ती तुझ्याकडेही थांबणार नाही.

तुमच्यापैकी कोणी गोव्याच्या कॅसिनोत किंवा क्रूझवर डीलर म्हणून काम केलं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. पगार, शिफ्ट, घरचे काय म्हणतात, सगळं. नाव सांगणार नाही. पुढच्या भागात त्यावरच बोलू.