टोपी, जोडा आणि कोट

‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ ही म्हण सर्वश्रुत आहे. तथापि या दहा नुरांपैकी किती टिकतील, हे कपडा विकत घेण्याच्या दिवशी ठरत नाही; पुढे वर्षानुवर्षे त्याची निगा कशी राखली जाते, यावर ते अवलंबून असते. कातडी जोडा, फेल्टची टोपी आणि लोकरी कोट या पुरुषी पोषाखातील तीन मानाच्या वस्तूंच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. या तिन्ही वस्तू मुळात प्राण्यांच्या अंगावरच्या. ओलावा शोषून घेण्याचा व तो सावकाश सोडण्याचा गुण त्यांच्या अंगी शेवटपर्यंत राहतो. त्यांना हवा व विश्रांती हवी असते, ती याचसाठी.

प्रथम जोड्याचा विचार करू. दिवसभरात पायाला येणारा घाम आतल्या कातड्यात मुरतो आणि एका रात्रीत तो पुरता वाळत नाही. म्हणून दोन जोड आळीपाळीने वापरले, तर ते एकामागून एक झिजविलेल्या दोन जोडांपेक्षा अधिक काळ टिकतात. जोडा काढल्यावर आत लाकडी साचा घातला, म्हणजे सुरकुत्या पक्क्या होत नाहीत. तो पावसात भिजलाच तर वर्तमानपत्राचे बोळे आत घालून, ते ओले होताच बदलून, सावलीत वाळवावा. उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवलेले कातडे कडक होऊन तडकते. धूळ झाडल्यावाचून पॉलिश लावणे म्हणजे ती धूळ कातड्यात घासणे होय. शिवाय मेणाच्या पॉलिशने चकाकी येते, पण मऊपणासाठी अधूनमधून क्रीमचा हात द्यावाच लागतो.

कोल्हापुरी वहाणेची प्रकृती आणखी निराळी. तिचे कातडे बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेले असते आणि परंपरागत वहाणेत खिळा नसतो. चामड्याच्याच वादीने ती शिवलेली असते. नवी वहाण चावते, तेव्हा तेलाचे बोट फिरवून तिला मऊ करतात. परंतु पावसाळ्यात ती बाहेर न काढणे हेच श्रेयस्कर. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. एका वहाणेवर दोन राज्यांतील चर्मकारांचा हक्क आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता टोपी. खादीची पांढरी टोपी १९२० च्या असहकार चळवळीपासून देशभर पसरली. ती सुताची, धुवावी, खळ द्यावी, इस्त्री करावी, की पुन्हा ताजी. फेल्टच्या टोपीला हा न्याय लागू पडत नाही. लोकरीच्या किंवा सशाच्या केसांना सूक्ष्म खवले असतात. उष्णता, ओलावा आणि दाब यांनी ते एकमेकांत गुंततात व त्यांचे फेल्ट बनते. ज्या वाफेने टोपी घडली, त्याच वाफेने तिचा पोचा निघू शकतो. आणि त्याच उष्णतेने बेसावधपणी ती आटतेही. ती उचलताना माथ्याला चिमटा न घेता काठाला धरावे, लवीच्या दिशेने ब्रश फिरवावा आणि ठेवताना उलटी, माथ्यावर ठेवावी; म्हणजे काठ वाकत नाही.

कोट, मग तो गळाबंद असो वा उघड्या गळ्याचा, रुंद खांद्याच्या हँगरवर टांगावा. खिसे आधी रिकामे करावेत. किल्ल्यांच्या भाराने कापड ओघळते. वापरल्यावर तो लगेच कपाटात न कोंबता रात्रभर मोकळ्या हवेत राहू द्यावा व सकाळी ब्रशने झाडावा. एवढे केले, तर ड्रायक्लीनिंगची गरज क्वचितच पडते. मात्र हिवाळा संपताच तो स्वच्छ करूनच ठेवावा. लोकर खाते ती कसरीची अळी, आणि तिला घामाचे व अन्नाचे डाग विशेष प्रिय असतात. मुंबई, कोकण किंवा कोलकाता येथील दमट हवेत बुरशीचेही भय असते. तेथे पावसाळ्यात उघाड पडताच कपाटाची दारे उघडी ठेवावीत. डांबराच्या गोळ्या वापरल्यास कोट अंगावर घालण्यापूर्वी त्याला चांगली हवा द्यावी आणि त्या गोळ्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

एवढे करूनही झीज होतेच. उत्तम जोड्याचा तळ वेल्ट नावाच्या चामडी पट्टीला शिवलेला असतो, तो झिजल्यावर वरच्या भागाला धक्का न लावता बदलता यावा म्हणून. कोटाला पडलेले भोक उत्तर प्रदेशातील नजीबाबादच्या रफूगरांसारखा कारागीर अशा कौशल्याने बुजवतो, की ती जागा शोधूनही सापडू नये. परंतु हे हात कामाविना राहिले, तर कला पुढच्या पिढीकडे जात नाही. आणि मग चांगली वस्तू घेऊनही ती टिकविणारा कोणी उरत नाही. वस्तू टाकून देण्यापूर्वी तिला एकदा मोच्याकडे वा रफूगराकडे नेणे, हाही तिच्या निगेचाच भाग आहे.