पुलगांवची गिरणी आणि तिचें दप्तर

पुलगांव हें नांवच आपला काळ सांगतें. ‘पूल’ हा शब्द फारसी, ‘गांव’ हा संस्कृत ‘ग्राम’ शब्दापासून आलेला. आणि पूल तो वर्धा नदीवरील आगगाडीचा. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्यें नागपुरास पोंचला व त्याच्या आश्रयानें हें गांव वाढलें. अशा अर्वाचीन गांवाविषयीं येथें लिहिण्याचें प्रयोजन काय, असें वाचक विचारतील. प्रयोजन असें कीं, देशी कंपनी प्रांताच्या अर्थकारणास कसें वळण लावते, हें येथील कापडाच्या गिरणीवरून स्पष्ट दिसतें.

लोहमार्गापूर्वीं या भागांतील कापूस बैलांच्या पाठीवरून गंगातीरीं मिर्झापुरास जात असे. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीनें त्याचा भाव चढला आणि पुढें आगगाडीनें तो मुंबईमार्गें विलायतेस जाऊं लागला. वाट बदलली, परंतु व्यवहार तोच राहिला : गांठी बाहेर जात आणि कापड बाहेरून येई. प्रांताच्या पदरीं कच्च्या मालाच्या किंमतीपलीकडे फारसें कांहीं पडत नसे.

जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजीं नागपुरास सुरू झाली. तिच्यामागून हिंगणघाट व पुलगांव येथें गिरण्या निघाल्या. कापसापासून सूत व सुतापासून कापड होतांना जें मूल्य वाढतें, त्याचा मोठा अंश आतां येथेंच राहूं लागला. मजुरी बाजारांत खेळे. वाणी, गाडीवान, लोहार यांस काम मिळे. शेतकऱ्यास जवळचें गिऱ्हाईक लाभे. १९१७ मध्यें पुलगांव-आर्वी हा अरुंद रेल्वेमार्ग सुरू झाला, तेव्हां आर्वीकडील कापसासही ही पेठ सुलभ झाली.

भांडवल एकत्र करण्याची रीति आपणांस अपरिचित नव्हती. नहपानाचा जामात उषवदात याच्या नाशिक येथील लेखांत, गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायम ठेवल्याचें नमूद आहे : २,००० दरमहा शेंकडा एक व १,००० दरमहा शेंकडा पाऊण या व्याजानें. भेद इतकाच कीं, श्रेणी समव्यवसायी कारागिरांची. कंपनीचा भागीदार मागाला हातही न लावतां नफ्याचा धनी होतो, आणि त्याची जोखीम भागाच्या रकमेपुरतीच असते.

उषवदाताचा व्यवहार शिळेवर कोरला गेला म्हणून आपणांस कळला. गिरणीचा व्यवहार कागदावर आहे. भागीदारांच्या याद्या, कापूसखरेदीच्या वह्या, हजेरीपट, ताळेबंद यांवरूनच पैसा कोणाचा, मजुरी किती व नफा कोठें गेला हें ठरेल. चालू कायद्याप्रमाणें कंपनीनें हिशेबाच्या वह्या ८ वर्षेंच जपल्या तरी पुरे. पुढें रद्दीवाल्यास आडकाठी उरत नाहीं. पुलगांवच्या गिरणीचा जुना कारभार आतां संपला आहे. यास्तव पेशवाईचा रुमाल ज्या आस्थेनें आपण सोडवितों, त्याच आस्थेनें जुन्या मुनिमांच्या व भागीदारांच्या घरच्या वह्या मिळवाव्या, त्यांच्या याद्या कराव्या, अशी आमची संग्राहकांस विनंति आहे.