ध्वनींची वहिवाट

कल्याणहून निघालेला लोहमार्ग १८५५ साली वाशिंदपर्यंत पोहोचला, आणि तेव्हापासून वाटेवरच्या टिटवाळ्याच्या नित्यजीवनाला एक असे घड्याळ लाभले, की जे पाहावे लागत नाही. काळू नदीच्या पुलावर गाडी चढली की चाकांचा नाद एकाएकी पोकळ होऊन घुमू लागतो, पूल सरताच पुन्हा जमिनीत दबतो. आणि कणीक तिंबणारी गृहिणी मान वर न करता सांगते, की ही लोकल, ही मेल आणि ही रेंगाळलेली मालगाडी. जुन्या लोकांच्या कानांत तर घाटाकडील मालगाड्या ओढणारी, उभी असतानाही कण्हत राहणारी ती स्विस धाटणीची विजेची इंजिने अद्याप आहेत, ज्यांना रेल्वेच्या माणसांनी ‘खेकडा’ हे नाव दिले होते.

कॅनडातील संगीतकार मरी शेफर यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एखाद्या स्थळाच्या ध्वनींची त्रिविध विभागणी केली आहे. लक्ष वेधून घेणारे ते संकेतध्वनी: पाववाल्याच्या सायकलीचा भोंपू, कुकरची शिट्टी, ‘पाणी आलं!’ ही आळीभर पसरणारी हाक. त्या स्थळाचीच ओळख ठरलेले ते खूणध्वनी: येथे अर्थातच महागणपतीच्या देवळातील घंटा, जी अंगारकीच्या दिवशी रांगेतल्या हजारो हातांमुळे क्षणभरही विसावत नाही. तिसरा प्रकार आधारध्वनींचा. मैफलीतील तंबोऱ्याप्रमाणे ते सदैव मागे वाजत असतात, आणि म्हणूनच कोणी ते ऐकत नाही: पत्र्यावरचा पाऊस, पावसाळी रात्री डबक्यांतून उठणारा बेडकांचा घोष, शेजारच्या घरातील भांड्यांचा खणखणाट.

परदेशी गेलेल्या माणसाला घंटेची आठवण येणार, हे त्याला निघण्यापूर्वीच ठाऊक असते. शेजाऱ्यांच्या भांड्यांची येईल, हे मात्र कोणी त्याला सांगितलेले नसते. थंड मुलखातील घरांच्या खिडक्यांना दुहेरी काचा असतात, दारे घट्ट मिटतात, आणि तेथली शांतता पहिले काही दिवस सुखाची वाटली तरी पुढे तीच अंगावर येते. कारण आपल्याकडे भिंत ही केवळ दृष्टीला असलेली हद्द आहे, ध्वनीची वहिवाट तिच्यातून अव्याहत चालू असते, आणि पलीकडे कोणाचे मूल रडते, कोणाचा खोकला बरा होत नाही, याची बातमी न विचारता आपल्यापर्यंत येत राहते.

म्हणूनच दूरदेशी असलेली मुलगी आईला सांगते, ‘फोन ठेवू नकोस, ओट्यावर तसाच राहू दे.’ मग तिला कढईत तेल तापल्यावर टाकलेल्या मोहरीची तडतड ऐकू येते, कढीपत्ता पडताच उठणारा चर्र आवाज येतो, मिसळणाच्या डब्याचे झाकण लागते, ‘तीन शिट्ट्या झाल्या, गॅस बारीक कर’ असे आई कोणाला तरी सांगते, आणि खिडकीतून शेजारच्या काकू विचारतात, ‘तुमच्याकडचं पाणी गेलं का हो?’ हे सारे ध्वनिमुद्रित करून ठेवता येईल, पण मला त्याचा भरवसा वाटत नाही. मुद्रण आपल्या हुकमाने वाजते, आणि हे आवाज आपल्या परवानगीवाचून येत होते, यातच त्यांचा जिव्हाळा होता.

ध्वनीमुळे माणूस किती व्याकूळ होतो, याची नोंद युरोपातही आहे. बाझल येथे योहानेस होफर याने १६८८ साली घरच्या ओढीने खंगणाऱ्या माणसांवर वैद्यकीय प्रबंध लिहिला; पुढे १७६८ च्या आपल्या संगीतकोशात रूसोने लिहिले, की गुराख्यांचे एक गीत ऐकून स्विस शिपाई रडत, पळून जात, म्हणून फौजेत ते वाजविण्यास देहान्ताच्या शिक्षेची ताकीद होती.

आपल्याच मुलखातील उदाहरण मला याहून मोलाचे वाटते. कोकणात तेलाचे घाणे चालविणाऱ्या बेने इस्राएल ज्यू लोकांना ‘शनवार तेली’ म्हणत. शनिवारी, म्हणजे त्यांच्या विश्रामाच्या वारी, त्यांच्या घाण्याची करकर थांबे आणि गाव त्यांना त्या खंडावरून ओळखे. ठाण्यात त्यांनी १८७९ साली प्रार्थनामंदिर उभारले, आणि १९४८ नंतर त्यांच्यापैकी बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. घाणा, लोकलची धडधड, कोकणचा पाऊस यांतले काहीच बरोबर नेता येण्याजोगे नव्हते. ते सारे कानांनी मिळवलेले होते. गळ्यातले तेवढे गेले. अब्राहाम, योसेफ आणि मोशे यांची चरित्रे मराठी पदांतून गाण्याची जी कीर्तनपरंपरा त्यांनी महाराष्ट्रात घडवली होती, ती इस्राएलमध्ये जिवंत राहिली, आणि तेथे स्त्रियांची मंडळे एकत्र जमून ही पदे मराठीतच गात आली आहेत.