लेकीच्या चालीनं किल्ला

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर जायला दोन वाटा आहेत. उरवाई दरवाजाकडून गाडी वरपर्यंत जाते. गुजरी महालाकडचा चढ मात्र पायीच चढावा लागतो. गेल्या हिवाळ्यात चार वर्षांच्या लेकीचा हात धरून मी ही पायवाट घेतली. माझ्या हिशेबानं चढ वीस-पंचवीस मिनिटांचा होता. आम्हाला सव्वा तास लागला. दगडांच्या फटीतलं रोपटं, मुंग्यांची रांग, दरवाजाच्या कमानीत घुमणारा स्वतःचाच आवाज, या सगळ्यांशी तिचं काही ना काही काम होतं. अर्धी वाट होईपर्यंत मी “चल गं लवकर” म्हणत राहिलो. मग ते म्हणणं सोडून दिलं, आणि जन्मापासून ज्या किल्ल्याच्या सावलीत राहिलो तो त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला.

आपण मुलांना शिकवतो हे खरंच आहे. पण लहान मुलं आईबापांना काय शिकवतात, याचाही एकदा नीट विचार करायला हवा. मूल आपल्याला उपदेश करत नाही. ते आपल्या कामात गढलेलं असतं. आपल्याला जो खोळंबा वाटतो, तेच त्याचं काम असतं, हे ज्या दिवशी उमगतं त्या दिवसापासून आईबापांचं शिकणं सुरू होतं.

ज्यांनी हे आधी ओळखलं

गिजुभाई बधेका हे सौराष्ट्रातले वकील. 1913 साली त्यांना मुलगा झाला आणि त्याला वाढवायचं कसं, या काळजीतून ते बालशिक्षणाकडे वळले. मारिया माँटेसरींचे विचार त्यांनी वाचले, वकिली सोडली आणि 1920 साली भावनगरला बालमंदिर सुरू केलं. एका मुलानं बापाचा व्यवसायच बदलला, असं म्हटलं तरी चालेल.

त्यांच्या कामात पुढे मराठी ताराबाई मोडक येऊन मिळाल्या. 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. 1945 साली ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या. तिथल्या वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना अशी रुजली. पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवरची मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असं दिसलं. तेव्हा ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ शाळा घेऊन कुरणावर गेल्या. मुलं येत नाहीत म्हणून त्यांनी मुलांना बोल लावला नाही. मुलं कुठे आहेत ते पाहिलं आणि शाळेची जागा बदलली. घरातल्या आईबापांनाही याच वाटेनं जावं लागतं.

पहिला धडा: पडणं चालण्यातच आलं

न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 12 ते 19 महिन्यांच्या मुलांचं चालणं मोजलं. त्यांचा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. मोकळेपणी खेळणारं मूल तासाला सरासरी 2,368 पावलं टाकतं आणि 17 वेळा पडतं, असं त्यात आढळलं. तासाला सतरा वेळा! रांगण्यात पटाईत झालेलं मूल आपल्याला चांगली जमणारी गोष्ट सोडून, अजून न जमणारी गोष्ट आपखुशीनं धरतं. पडल्यावर ते आधी आपल्या तोंडाकडे पाहतं. आपण घाबरलो तर रडतं, शांत राहिलो तर उठून पुन्हा चालू लागतं.

आपण मोठी माणसं नेमकं उलट वागतो. चाळिशीत पोहायला, गायला किंवा गाडी चालवायला शिकताना पहिल्या दोन फजित्यांतच “हे काही आपल्याला जमायचं नाही” म्हणून मोकळे होतो. न जमण्याची लाज ही वाढत्या वयाबरोबर अंगाला चिकटलेली सवय आहे. ती जन्मजात नाही, हे तासाला सतरा वेळा पडणारं मूल रोज दाखवत असतं.

दुसरा धडा: चूक नीट ऐकली तर नियम सापडतो

तीन वर्षांची असताना लेक म्हणाली, “बाबा, मी चित्र करलं.” एकदा आजोबांबद्दल सांगताना म्हणाली, “ते बाजारात जाले.” मी लगेच दुरुस्त करायला निघालो होतो. मग लक्षात आलं, की “करलं” आणि “जाले” हे शब्द तिनं घरात कुणाकडून ऐकलेलेच नाहीत. बस–बसला, हस–हसला, पड–पडला, यांतून तिनं नियम काढला होता आणि “कर”, “जा” यांनाही लावला होता. “केलं” आणि “गेले” हे मराठीतले अपवाद. तिचा तर्क बिनचूक होता. जीन बर्को या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी 1958 साली हेच दाखवून दिलं. त्यांनी अस्तित्वात नसलेले शब्द मुलांपुढे ठेवले आणि मुलांनी त्यांची अनेकवचनं नियमाप्रमाणे केली. मुलं ऐकलेलं नुसतं घोकत नाहीत, भाषेची घडण शोधून काढतात.

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत याला आणखी एक पदर आहे. शिंद्यांच्या फौजेच्या तळावरून ज्या भागाला लष्कर हे नाव पडलं, तिथली मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी बोलत आली आहेत. लेक “माझी पुस्तक” म्हणते, कारण हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आहे. आजीला ते खटकतं. पण हीच पोर आजीशी मराठीत आणि दारावरच्या भाजीवाल्याशी हिंदीत बोलते, तेही कुणी न सांगता. समोरच्या माणसाची भाषा ओळखून आपली भाषा बदलणं मुलांना फार लवकर जमतं. हे पाहिल्यापासून मी तिला अडवायचं सोडलं. ती “माझी पुस्तक” म्हणाली, की मी सहज “हो, तुझं पुस्तक इथे आहे” म्हणतो. योग्य शब्द कानावर पडतो आणि बोलणंही तुटत नाही. हे शिकल्यावर कार्यालयातल्या नवख्या सहकाऱ्याची चूकही मी वेगळ्या कानांनी ऐकू लागलो. त्याला असं का वाटलं असेल, हा प्रश्न आधी मनात येतो.

तिसरा धडा: पडद्याआडचे कान

गाण्यातल्या ग्वाल्हेर घराण्याची एक आख्यायिका इथल्या प्रत्येक गाणाऱ्याला ठाऊक असते. दरबारात बडे महंमद खाँ यांच्या गायकीचा मोठा दबदबा होता. हस्सू खाँ आणि हद्दू खाँ या भावांना पडद्याआड बसवून महंमद खाँचं गाणं ऐकवण्यात आलं. समोर बसवून तालीम मिळाली नव्हती, तरी एके दिवशी दोघांनी तीच गायकी दरबारात गाऊन दाखवली.

मला ही गोष्ट घरातल्या मुलांची वाटते. समोर बसवून आपण जे सांगतो, त्यापेक्षा पडद्याआडून कानावर पडणारं त्यांच्यात जास्त मुरतं. कामवालीशी आपण कोणत्या सुरात बोलतो, फोन ठेवल्यावर नातेवाइकांबद्दल काय म्हणतो, चौकात कुणी गाडी आडवी घातली तर तोंडातून काय निघतं, हीच त्यांची खरी तालीम. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1961 साली केलेल्या प्रयोगात मोठ्या माणसाला बाहुलीला मारताना पाहिलेली बालवाडीच्या वयाची मुलं पुढे स्वतःही तशीच वागली.

एका संध्याकाळी लेक बाहुलीला दटावत होती: “थांब जरा, दिसत नाही का मी कामात आहे?” आवाज तिचा होता, चाल माझी होती. आरशात चेहरा दिसतो, पण बोलण्याचा सूर ऐकायला घरात लहान मूल असावं लागतं. तो सूर ऐकून मला वाईट वाटलं आणि मी तो बदलायच्या मागे लागलो. अजूनही सगळा बदललेला नाही.

चौथा धडा: तीच गोष्ट, पुन्हा

झोपताना रोज तीच गोष्ट, त्याच शब्दांत. एखादं वाक्य गाळलं तरी पकडली जाणारी चोरी. आईबाप कंटाळतात. पण ससेक्स विद्यापीठातल्या जेसिका हॉर्स्ट यांच्या 2011 सालच्या अभ्यासात, ज्या तीन वर्षांच्या मुलांना त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा वाचून दाखवल्या, त्यांना नवे शब्द जास्त चांगले लक्षात राहिले. निरनिराळ्या गोष्टी ऐकणाऱ्या मुलांना तेवढे राहिले नाहीत. पहिल्या वेळी मूल गोष्ट पकडतं, दुसऱ्या वेळी शब्द, तिसऱ्या वेळी पुढे काय येणार याचा आनंद.

ग्वाल्हेरमध्ये अशा पुन्हा पुन्हा करण्याला रियाज म्हणतात. महाराष्ट्रातून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथल्या वासुदेवबुवा जोशींकडे शिकायला आले, ते याच रियाजासाठी; आणि त्यांच्यामुळे ही गायकी महाराष्ट्रात पोचली. कृष्णराव शंकर पंडितांनी आपल्या वडिलांकडे, शंकररावांकडे, घरातच तालीम घेतली आणि 1914 साली वडिलांच्या नावानं संगीत विद्यालय काढलं. तोच पलटा शंभरदा घोटताना शंभराव्या वेळी त्यात काही नवं दिसतं, हे गवयाला कळतं आणि चार वर्षांच्या मुलालाही. सतत नव्याच्या मागे धावणाऱ्या आपल्याला ते विसरायला होतं.

पाचवा धडा: मदतीला मोल लागत नाही

फेलिक्स वार्नेकेन आणि मायकल टोमासेलो यांनी 2006 साली 18 महिन्यांच्या मुलांवर केलेला अभ्यास फार बोलका आहे. कपडे वाळत घालणाऱ्या माणसाच्या हातून चिमटा पडला आणि त्याचा हात पोचेना, तर बहुतेक मुलं कुणी न सांगता तो उचलून देत. दोन वर्षांनी त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: मदतीबद्दल खेळणं बक्षीस मिळालेली मुलं नंतर, बक्षीस न मिळालेल्या मुलांपेक्षा कमी मदत करू लागली.

आपल्याकडे पोळ्या लाटताना मूल ओट्याशी येऊन “मला पण” म्हणतं. पीठ सांडेल म्हणून आपण त्याला बाहेर पाठवतो आणि दहा वर्षांनी तेच मूल घरात हात लावत नाही म्हणून कुरकुरतो. लेकीच्या आईनं तिला कणकेची एक छोटी गोळी आणि लहानसं लाटणं देऊन टाकलं. तिच्या पोळीचा कधी भारताचा नकाशा होतो, कधी तिला भोक पडतं. ती पोळी आजोबांच्या ताटात पडते आणि ते ती खातात. बक्षीस द्यावं लागत नाही. आपल्या कामाचा कुणाला उपयोग झाला, याहून मोठं बक्षीस माणसाला नको असतं, हे तिच्याकडे पाहून कळतं.

सहावा धडा: “माहीत नाही” म्हणावं

त्या दिवशी चढाच्या वाटेवर आम्ही चतुर्भुज मंदिरापाशी थांबलो. एकाच खडकातून कोरलेलं हे छोटंसं देऊळ. त्यातल्या इ.स. 876 च्या शिलालेखात देवाला दिलेल्या बागेची मापं आणि रोजच्या पन्नास माळांची नोंद आहे. 270 आणि 50 या आकड्यांत शून्य आज आपण काढतो तसंच, लहानशा वर्तुळासारखं कोरलेलं आहे. मी उत्साहानं सांगितलं, “हे बघ शून्य. शून्य म्हणजे काहीच नाही.”

तिनं विचारलं, “काहीच नाही, तर मग लिहिलं कशाला?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आधी वाटलं, काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी. मग म्हणालो, “मला नीट सांगता येत नाही. घरी जाऊन शोधू या.” रात्री आम्ही बिट्ट्या मांडून बसलो. दोन बिट्ट्या दोनच राहतात. पण दोनच्या आकड्यापुढे शून्य आलं की त्याचे वीस होतात. रिकामी जागा राखून ठेवणारं चिन्ह नसेल, तर दोन आणि वीस यांत फरकच उरणार नाही. हे मी शाळेत शिकलो होतो, पण त्यामागचं कारण मला त्या रात्री समजलं.

बापाला सगळं ठाऊक असतं, हा समज मुलांपेक्षा बापालाच जास्त प्रिय असतो. तो सोडला तर मुलाचा विश्वास कमी होत नाही. न कळणं ही लपवायची गोष्ट नाही, तिथून शोध सुरू होतो, हे त्याला दिसतं.

जपून घ्यायच्या गोष्टी

मुलाकडून शिकायचं म्हणजे त्याच्या मनासारखंच सगळं करायचं, असं नाही. रस्ता ओलांडताना हात धरायचाच, झोपेची वेळ पाळायचीच, दुसऱ्याला मारलं तर थांबवायचंच. मुलाला देव करून ठेवलं, तर त्याला आईबाप उरत नाहीत.

दुसरं, यासाठी वेळ लागतो आणि तो सगळ्यांकडे सारखा नसतो. दिवसभर दुकानात उभं राहून रात्री नऊला घरी येणाऱ्या बापाला किंवा नोकरी आणि स्वयंपाक दोन्ही ओढणाऱ्या आईला “थोडं थांबा” म्हणणं सोपं आहे. म्हणून आजी-आजोबा, काका-काकू, शेजारी यांनीही यात वाटा उचलायला हवा. आणि घरातला पुरुष थांबू लागला, तर बाईलाही थांबायला उसंत मिळेल.

घरी करून पाहण्यासारखं

आठवड्यातून एकदा मुलाच्या चालीनं चाला. घड्याळ पाहू नका, पुढे ओढू नका. त्याच्या चुकीच्या शब्दावर हसण्याआधी तो शब्द कुठून आला असेल ते शोधा. घरातलं एक खरं काम, खेळण्यातलं नव्हे, त्याच्या हाती द्या आणि ते जसं होईल तसं वापरा. आपलं चुकलं तर “माझं चुकलं” असं त्याच्या डोळ्यांत पाहून म्हणा. क्षमा मागणं तेही पडद्याआडून शिकत असतं.

त्या दिवशी वर पोचलो तेव्हा मान मंदिर महालाच्या भिंतीवरच्या निळ्या फरशांवर ऊन तिरपं झालं होतं. तिच्या मुठीत वाटेत गोळा केलेले पाच खडे होते. घरी आल्यावर तिनं ते ओळीनं मांडले आणि आजीला प्रत्येक खडा कुठल्या दरवाजापाशी सापडला ते सांगितलं. शेजारी बसून मीही ऐकत होतो. त्यातले दोन दरवाजे मला आठवतही नव्हते.