डोक्यातली यादी कुठे उतरवायची?

रात्री दिवा मालवला की नेमके आठवते. विजेचे बिल भरायचे राहिले, आईचा रक्ताचा रिपोर्ट आणायचा आहे, सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन करायचा आहे. दिवसभर ही कामे कुठे दडून बसलेली असतात कोण जाणे!

अपुरी कामे मनात घोळत राहतात, हे मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्येच मांडले होते. पुढच्या सगळ्या प्रयोगांत तसाच निष्कर्ष निघाला नाही. पण २०११ मध्ये मसिकाम्पो आणि बाउमायस्टर या संशोधकांना एक उपयोगी गोष्ट आढळली. काम पूर्ण झाले नसले, तरी ते केव्हा, कुठे आणि कसे करायचे हे नेमके ठरवले, की ते मध्येच डोके वर काढायचे थांबते. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात २०१८ मध्ये ५७ तरुणांवर झालेला प्रयोग थेट झोपेचाच होता. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, उरकलेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली. यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर.

म्हणून कामांच्या यादीचे अ‍ॅप निवडताना त्यात किती सुविधा आहेत, हे मोजत बसू नका. ‘केव्हा’ हे त्यात किती पटकन लिहिता येते, ते पाहा. ‘गूगल टास्क्स’ अगदी साधे आहे. पण तारीख घातलेले काम तुमच्या कॅलेंडरवरच दिसते. बहुतेकांना एवढे पुरते. ‘टुडुइस्ट’मध्ये इंग्रजीत वार आणि वेळ कामासोबतच टाइप केली, की अ‍ॅप ती ओळखते. त्यातली एक खुबी मधुमेहींच्या कामाची आहे. समजा, एचबीएवनसी तपासणी दर तीन महिन्यांनी करायची आहे आणि या वेळी तीन आठवडे उशीर झाला. एरवी पुढची तारीख जुन्याच हिशेबाने येते. इंग्रजीतल्या ‘एव्हरी’ला उद्गारचिन्ह जोडले, तर ती तपासणी केल्याच्या दिवसापासून मोजली जाते. ‘टिकटिक’मध्ये टायमर आणि सवयींची नोंदही मिळते. काहींना त्याने हुरूप येतो. मला मात्र ते आणखी एक काम वाटते.

सगळ्यांची दुखरी नस एकच आहे, मुदत टळलेल्या कामांचा ढीग. दहा-पंधरा कामे थकली, की माणूस अ‍ॅप उघडायचेच टाळतो आणि यादी पुन्हा डोक्यात येऊन बसते. इथे ‘मायक्रोसॉफ्ट टू डू’ची पद्धत मला शहाणपणाची वाटते. त्यातले ‘माय डे’ हे पान रोज सकाळी कोरे होते. कालचे काम हरवत नाही, ते मूळ यादीत राहते; पण आजच्या पानावर घ्यायचे की नाही, हे तुम्ही ठरवायचे. तीन-चार कामे घेतली तरी पुष्कळ झाली.

एक लक्षात ठेवा. बेलरच्या प्रयोगात यादी कागदावर लिहिली होती, फोनवर नाही. कामे नोंदवायला रात्री फोन हातात घेतला, की व्हॉट्सअ‍ॅप बोलावणारच. मी उशाशी छोटी वही ठेवतो. त्यात लिहिलेले जे तारखेचे काम असेल, ते सकाळी चहा उकळेपर्यंत अ‍ॅपमध्ये चढवून होते.